शेर, पायली, गुंठा, टीएमसी: सोलापूरकरांचे जुन्या मापांबद्दलचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटणीचे जुने कागद, आजोबांची हिशेबवही, आजीच्या पाटल्या, मागावरच्या सुताचा नंबर, उजनी धरणाचा रोजचा आकडा. कारण कुठलंही असो, प्रश्न फिरून त्याच मापांवर येतात. खाली नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत. वाचताना एक सवय लावून घ्या. जुनं माप समोर आलं की आधी तीन गोष्टी विचारायच्या: कुठलं, कशाचं आणि कधीचं. हे कळल्याशिवाय आकडेमोड करू नका.

आमच्या जुन्या वहीत "ज्वारी ३ खंडी ४ मण" अशी नोंद आहे. आजच्या हिशेबात किती किलो?

खंडी म्हणजे २० मण, एवढं पक्कं. म्हणजे नोंद ६४ मणांची झाली. खरी अडचण मणाची आहे.

इंग्रजी अमदानीत जो मण सरकारी म्हणून रूढ झाला तो ४० शेरांचा, शेर ८० तोळ्यांचा. हा मण ३७.३२ किलोचा भरतो. त्या हिशेबाने तुमची ज्वारी सुमारे २,३८९ किलो, म्हणजे चोवीस क्विंटलला थोडी कमी. पण मुंबईच्या व्यापारात जो मण चालायचा तो २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. तो धरला तर हीच ज्वारी ८१३ किलो होते. वही तीच, शाई तीच आणि उत्तरात तिपटीचा फरक.

त्यात तिसरी शक्यताही आहे, आणि धान्याच्या बाबतीत ती सगळ्यात जवळची. खळ्यावर धान्य तोलत नसत, मापत असत. तिथला मण पायल्यांचा, आणि तो भांड्याच्या आकारावर ठरायचा. किती पायल्यांचा मण, हेही गावागणिक बदलायचं. कुठे १६, कुठे १२. सोळाचा धरला तर ६४ मण म्हणजे १,०२४ पायल्या, बाराचा धरला तर ७६८.

मग करायचं काय? वही पुढे-मागे चाळा. त्याच हातच्या नोंदींत ज्वारी-बाजरीसमोर कुठे "पायली", "मापटं" लिहिलंय का बघा. असेल तर मण मापाचा समजा. गूळ, कापूस, तेल, हळद यांच्या नोंदी बहुधा तोलाच्या असतात. एखाद्या नोंदीत मण आणि पायल्या दोन्ही आल्या असतील तर मण किती पायल्यांचा हे तिथल्या तिथे सुटतं. उदाहरणार्थ, कुठेही "१३ पायल्या" असं सुटं दिसलं तर तुमच्या गावचा मण बारा पायल्यांचा नव्हता. आणि घरात जुनी पायली शिल्लक असेल तर याहून चांगला पुरावा नाही. तिच्यात ज्वारी भरा, सपाट करा आणि ती ज्वारी इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोला. तुमच्या घराण्याचा खरा हिशेब त्या आकड्यात आहे, इंटरनेटवरच्या कोष्टकात नाही.

पायलीच्या खाली कोणकोणती मापं येतात?

आपल्याकडे सांगितली जाणारी उतरण अशी: दोन नेळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अडशिरी आणि दोन अडशिऱ्या म्हणजे एक पायली. म्हणजे पायलीत चार शेर, आठ मापटी, सोळा चिपटी.

यात सगळीकडे दुप्पट-निमपट आहे, आणि त्यात मोठं शहाणपण आहे. निम्मं केलेलं माप कुणालाही तपासता येतं. शंका आली तर मापट्याने दोनदा भरून शेरात ओता. काठोकाठ आलं तर माप खरं. यासाठी अक्षरओळख लागत नाही, वजनकाटा लागत नाही, सरकारी माणूस लागत नाही. एका लिटरचे दहा समान भाग डोळ्यांनी करून दाखवा म्हटलं तर कुणालाच जमणार नाही. अर्धं, पाव, अदपाव मात्र शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई सहज करून दाखवायची.

मग फसवाफसवी होत नव्हती का?

होत होती, आणि तिची जागा ठरलेली होती: शीग. माप काठापर्यंत सपाट भरायचं की वर ढीग येऊ द्यायचा, यावर सगळा खेळ. आठवडी बाजारात चुरमुरे किंवा ओल्या शेंगा मापट्याने घेताना आजही नीट बघा. विकणारी बाई डाव्या हाताचा पंजा मापाच्या काठाला टेकवून आडोसा करते, उजव्या हाताने चुरमुरे ओतते, आणि डावा हात काढायच्या आत माप तुमच्या पिशवीत उलटं करते. हाताचा आडोसा जितका उंच, तितकी शीग मोठी. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर वर आणखी एक मूठ पडते.

उसनं देताना शिगेने आणि परत घेताना सपाट, किंवा त्याच्या उलट, यावरून भावकीत वर्षानुवर्षं बोलणं बंद झाल्याचे किस्से गावोगावी ऐकायला मिळतात. म्हणूनच समजूतदार माणसं ज्या भांड्याने दिलं त्याच भांड्याने परत घ्यायची.

दुसरी गोष्ट धान्याची. लिटरभर मापात ज्वारी पाऊण किलोच्या आसपास बसते. त्याच मापात टरफलासकट शेंगा भरल्या तर त्याच्या निम्मंही वजन भरत नाही. पायलीला पायली बदलून शेंगा आणि ज्वारीचा व्यवहार करणाऱ्याला हे ठाऊक असावंच लागायचं.

खळ्यावर मापताना पहिल्या मापाला "एक" का म्हणत नाहीत?

"लाभ" म्हणतात. लाभ, मग दोन, तीन, चार. राशीला हात घालताना तोंडातून शुभ शब्द निघावा, एवढीच भावना. वर्षभराच्या कष्टाची रास समोर असताना माणूस ती नुसती मोजत नसतो. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्यांनी रब्बीची रास पाहिली आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही.

आजीच्या पाटल्या "पाच तोळ्यांच्या" म्हणून सांगितल्या जातात. सराफाकडे वजन ५८ ग्रॅम निघालं. हे कसं?

बरोबरच निघालं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम. आज पेढीवर बोलताना तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, त्यामुळे त्याच पाटल्या आजच्या भाषेत पावणेसहा तोळ्यांच्या वर जातात. उलट कुणी जुन्या यादीतले "पाच तोळे" वाचून वाटणीत ५० ग्रॅम धरले, तर सव्वाआठ ग्रॅम सोनं हिशेबातून गायब होतं. बहिणीभावांच्या वाटणीत ही रक्कम लहान नाही. यादी कधीची आहे ते आधी बघा.

हा ११.६६ आकडा आला कुठून? ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला, आणि चांदीचा रुपयाही नेमका तेवढ्याच वजनाचा पाडला. त्यामुळे खिशातला रुपया हेच वजन झालं. ८० रुपये तराजूच्या पारड्यात टाकले की शेर. शेराच्या पोटातले हिशेबही त्यावरच: पाच तोळ्यांचा छटाक, दहा तोळ्यांचा नवटाक, वीस तोळ्यांचा पावशेर. पावशेर आजही आपल्या तोंडी आहे, फक्त आता तो २५० ग्रॅमचा झाला आहे. जुना सव्वादोनशे आणि वर आठ ग्रॅमचा होता.

तोळ्याच्या खाली १२ मासे, माशाच्या खाली ८ गुंजा. म्हणजे तोळ्यात ९६ गुंजा.

गुंज म्हणजे खरंच बी होतं का?

हो. कुंपणावर चढणाऱ्या गुंजेच्या वेलीचं लालभडक, काळ्या टिपक्याचं बी. सुमारे ०.१२ ग्रॅमचं. कवच टणक, ओल धरत नाही, म्हणून सोनारांनी ते धरलं. पण प्रत्येक बी सारखं असतं हा समज चुकीचा आहे. लहानमोठं असतंच, त्यामुळे निवडून, एकमेकांशी पडताळून ठेवावी लागत. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: हे बी अतिशय विषारी आहे. जुन्या डब्यात गुंजा सापडल्या तर लहान मुलांच्या हाती देऊ नका.

वडील "पावकी, निमकी, दिडकी" पाठ म्हणायचे. एवढे अपूर्णांकांचे पाढे कशासाठी?

कारण सगळा बाजार १६ आणि ४० या दोन आकड्यांवर चालायचा, आणि दोन्ही आकडे निम्मे-पाव करायला सोयीचे. रुपयाचे आणे १६, शेराचे छटाक १६. मणाचे शेर ४०, एकराचे गुंठे ४०. गुंठ्याचेही आणे १६. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी पाठ असली की दुकानदाराला कागद लागायचा नाही.

त्यातली एक युक्ती मला फार आवडते. चाळीसला सोळाने भागलं की अडीच येतात. म्हणून मणाचा भाव जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेराला. गूळ १२ रुपये मण असेल तर अडीच शेराला १२ आणे. अडीच शेराचे १२ म्हटले की सव्वा शेराचे ६, पाच शेराचे २४. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत हिशेब तयार. सोन्यालाही तसंच: तोळ्यात गुंजा ९६, आणे १६, म्हणून तोळ्याचा भाव जितके रुपये तितके आणे सहा गुंजांना.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. वजनांचा कायदा १९५६ चा, आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आला. सोळाही गेले आणि चाळीसही गेले, आणि त्यांच्याबरोबर हे पाढे शाळेतून निघाले. नवी पद्धत सोपी आहे आणि ती यायलाच हवी होती. पण तोंडी हिशेबाची ती तयारी हातची गेली याचं वाईट वाटतं.

तुळजापूर-नळदुर्गकडच्या कागदांत रुपयापुढे "हाली" लिहिलेलं असतं. ते काय?

निजामाच्या राज्याचा रुपया. तो भाग हैदराबाद संस्थानात होता आणि त्याचं नाणं वेगळं. इंग्रजी रुपयाला "कलदार" म्हणत. साधारण ७ हाली म्हणजे ६ कलदार. सोलापूरची पेठ सरहद्दीला लागून, त्यामुळे व्यापाऱ्यांच्या वह्यांत दोन्ही सापडतात. बेरीज करण्याआधी नोंदी वेगळ्या काढा.

गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, हा विचित्र आकडा का?

याचं मूळ इंग्लंडात आहे आणि रुजवात आपल्या शेजारी झाली.

एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास जमीन मोजायला ६६ फुटांची साखळी काढली. अशी साखळी रुंदीला एक आणि लांबीला दहा टाकली की नेमका एक एकर: ६६ गुणिले ६६०, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या मोजणीत याच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली आणि तिचे १६ आणे पाडले. एका साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे भरले की एकर. आणा म्हणजे ३३ फूट लांब आणि दोन फुटांहून जरासा रुंद पट्टा, सुमारे ६८ चौरस फूट.

ही मोजणी घडवणारे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास काम सुरू केलं ते इंदापूर तालुक्यात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर. आधीच्या मोजणीत आकारलेला सारा शेतकऱ्याला पेलवत नव्हता, गावं ओस पडत होती, म्हणून नवी मोजणी आली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पद्धत इलाखाभर पक्की केली. बांधाच्या दगडावरून आजही जी भांडणं होतात त्यांची मुळं त्या काळापर्यंत जातात.

सीमेपलीकडेही गुंठा हाच आहे. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडची कानडी माणसं असोत की शहराच्या पूर्व भागातली तेलुगू विणकर घरं, गुंठा म्हटलं की सगळ्यांना एकच जागा दिसते. कर्नाटकात आणि तेलंगणातही ४० गुंठ्यांचाच एकर आहे. तीन भाषांच्या शहरात हे एक माप तरी भाषांतर न करता चालतं.

सातबाऱ्यावर हेक्टर-आर आणि बोलताना एकर-गुंठे. चूक नेमकी कुठे होते?

टिंबात होते, आणि महागात पडते.

जुन्या कागदावर "२-२०" असेल तर ते २ एकर २० गुंठे. २० गुंठे म्हणजे अर्धा एकर, म्हणून क्षेत्र अडीच एकर. कुणी ते मोबाईलच्या कॅल्क्युलेटरमध्ये २.२० असं टाकलं की १२ गुंठे जागच्या जागी नाहीसे होतात. आणि नव्या उताऱ्यावर "२.२०" हे हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणजे जवळपास ५ एकर १७ गुंठे. दिसायला एकच आकडा, जमीन दुपटीहून जास्त.

लक्षात ठेवायचे आकडे थोडेच आहेत. १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणून घाईच्या बोलण्यात गुंठा आणि आर सारखे धरले तरी चालतात, खरेदीखतात नाही. १ हेक्टर म्हणजे २.४७ एकर, १ एकर म्हणजे ४०.४७ आर. प्लॉट घेताना "गुंठा म्हणजे हजार फूटच की" असं कुणी म्हटलं तर ८९ चौरस फुटांचं काय झालं ते विचारा. विचारायला लाजू नका.

बिघा आणि चावर?

ही मापं इंग्रजांच्या आधीची. शिवकालातल्या मोजणीचं वर्णन सभासदाच्या बखरीत येतं: पाच हात आणि पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस तो बिघा, असे १२० बिघे म्हणजे चावर. वतनाच्या जुन्या कागदात "अर्धा चावर इनाम" दिसलं तर ६० बिघे समजा. त्याचे एकर करताना मात्र सावध राहा, कारण काठीची लांबी त्या त्या काळच्या हाताने ठरायची.

आणेवारी म्हणजे जमिनीचा हिस्सा की पिकाचा अंदाज?

दोन्ही. सामाईक गटात कुणाचा किती वाटा ते आण्यांत लिहीत, सोळा आणे म्हणजे पूर्ण. पिकाचीही तशीच: पूर्ण पीक सोळा आणे, निम्मं आठ. नाणं बदलल्यावर त्याची पैसेवारी झाली. अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत आली की गाव टंचाईच्या यादीत येतं. सांगोला-मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. वर्षभराची सवलत, वसुली आणि मुलांची परीक्षा फी त्यावर अवलंबून असते.

सुतार आणि गवंडी अजून "सूत" आणि "ब्रास"मध्येच का बोलतात?

इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. फळी "एक इंच दोन सूत" म्हटली की सव्वा इंच. इथेही निम्म्या-पावाचीच सोय. सळई कारखान्यातून मिलिमीटरमध्ये येते पण साइटवर तिची नावं जुनीच: ८ मिमी अडीच सुती, १० मिमी तीन सुती, १२ मिमी चार सुती, १६ मिमी पाच सुती. पहिली आणि शेवटची जुळणी जवळजवळ बसते. बारा आणि चार सुतीत मात्र फरक आहे, चार सूत म्हणजे १२.७ मिमी. ऑर्डर देताना मिमीच लिहा.

ब्रास म्हणजे १०० घनफूट: वाळू, खडी, मुरूम, दगड यांसाठी. २.८३ घनमीटर. फरशी, रंगकाम, गिलावा यांत हाच शब्द १०० चौरस फुटांसाठी वापरतात. ठेकेदाराशी दर ठरवताना कुठला ब्रास ते कागदावर लिहून घ्या. आणि वाळूची ट्रॉली आली की टेपने लांबी, रुंदी, उंची स्वतः मोजा. फुटात मोजून तिन्हींचा गुणाकार करा आणि १०० ने भागा.

टॉवेलच्या कारखान्यात "वीस नंबर", "दोन-वीस" म्हणतात. हा नंबर कशाचा?

हा प्रश्न सोलापूरचा स्वतःचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

कापसाच्या सुताचा नंबर म्हणजे एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. वीस नंबरच्या पौंडभर सुतात २० लडी, म्हणजे १६,८०० वार, सुमारे १५.३६ किलोमीटर धागा. दहा नंबरमध्ये त्याच्या निम्मा. म्हणून नंबर वाढला की सूत बारीक. "दोन-वीस" म्हणजे वीस नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेले. जाडी दहा नंबरची, पण एकेरी दहापेक्षा मजबूत आणि एकसारखं.

८४० कुठून आले? लँकेशायरच्या गिरण्यांत सूत गुंडाळायचं चाक ५४ इंच, म्हणजे दीड वार घेराचं असे. ८० फेरे झाले की १२० वार, त्याला ली म्हणत. सात ली मिळून एक लड, ८४० वार. पुढे मँचेस्टरची यंत्रं, त्यांचे सुटे भाग, त्यांच्या तक्त्यांवरचे आकडे असं सगळं एकत्रच गिरण्यांत आलं. आपल्या जुन्या गिरणीत, लक्ष्मी-विष्णूत घडलेल्या कामगारांनी ते आकडे मुलांना शिकवले. गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, पण पूर्व भागातल्या यंत्रमागावर नंबर तोच आहे.

कृत्रिम धाग्याचं माप याच्या बरोबर उलट चालतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, त्यामुळे आकडा वाढला की धागा जाड. नवीन मुलगा कापसावरून पॉलिस्टरवर गेला की पहिल्यांदा इथेच गोंधळतो. मेट्रिक पद्धतीत टेक्स आहे: १,००० मीटरचे ग्रॅम. ५९०.५ ला कापसाच्या नंबरने भागा, टेक्स मिळेल. वीस नंबर म्हणजे साडेएकोणतीस टेक्स.

मागावर उभे धागे ज्यातून ओवतात ती फणीही इंग्रजीच. स्टॉकपोर्ट पद्धतीत दोन इंचांत किती फटी ते मोजतात. एका फटीतून दोन तार काढायची रीत, म्हणून चाळीसच्या फणीत एका इंचाला चाळीस तार बसतात. आडव्या धाग्याचे फेरे, ज्यांना पिक म्हणतात, तेही इंचावरच मोजतात. चादर साठ बाय नव्वद इंच, टॉवेल तीस बाय साठ इंच. सोलापुरी चादर आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, माल परदेशी ग्रॅम प्रति चौरस मीटरवर विकला जातो, आणि विणणारा मात्र इंच, वार आणि पौंडांत विचार करतो. तीन पद्धती एकाच मागावर जुळवणाऱ्या या कारागिराला अडाणी म्हणणाऱ्याने एकदा स्वतः हिशेब करून बघावा.

कापसाचा भाव अजून "खंडी"वर का सांगतात?

कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे २८ पौंडी मुंबई मणाचे २८ मण. किलोत ३५५.६, व्यवहारात ३५६ धरतात. नेहमीची खंडी २० मणांची आणि कापसाची २८ ची, हे ध्यानात ठेवा. गाठ मात्र आता १७० किलोची.

धनगर मेंढरं खंडीने मोजतात ते वजन धरून का?

नाही. तिथे खंडी म्हणजे २० नग. जुनी माणसं पैसे आणि वयही विसांत मोजायची: "तीन विसा आणि वर पाच" म्हणजे ६५. कडबा शेकड्यावर विकतात आणि पाच पेंढ्यांचा पाचुंदा धरून मोजतात. विडी वळणाऱ्या बायांची मजुरी हजार विड्यांवर. कडबा घेताना पेंढी केवढी बांधली आहे ते बघा, शेकडा तर दोघांचाही सारखाच भरतो.

"उजनी वजा २० टक्के" म्हणजे धरणात पाणी शून्यापेक्षा कमी कसं?

टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. फूट कायद्याने गेला तरी धरणांत टिकला. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर.

उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न धरलेलं तळचं पाणी, वरचा ५३.५७ उपयुक्त साठा. बातम्यांतली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आलं की शून्य टक्के, त्याखाली गेलं की वजा. एकूण साठा ५३ टीएमसी उरला तर १०.६६ ची तूट, तिला ५३.५७ ने भागा: वजा २० टक्के. म्हणजे "वजा २०" म्हणताना धरणात पन्नासहून जास्त टीएमसी असतं, त्यात गाळही आला.

पावसाळ्यात दौंडवरून येणारा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक दिवसभर चाललं की एक टीएमसी. बातमीत "दौंडहून ५० हजार क्युसेक" ऐकलं की २४ तासांत सव्वाचार टीएमसीच्या वर भर पडणार, हे तुम्ही स्वतः काढू शकता.

घटका, कोस, परस?

घटका २४ मिनिटांची, दिवसरात्रीच्या ६०. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर ठेवायची, ती भरून बुडाली की घटका भरली. कोस साधारण दोन मैल. सोलापूरच्या पंचक्रोशीत सिद्धरामेश्वरांनी ६८ लिंगं स्थापली असं आपण सांगतो, ती पंचक्रोशी पाच कोसांचीच. परस म्हणजे पुरुषभर खोली, विहिरीसाठी. विहिरीचं पाणी मात्र परसात न सांगता मोटांत सांगायचे: एका मोटेची, दोन मोटांची. किती खोल यापेक्षा किती भिजवते हे महत्त्वाचं.

आज दुकानदाराने शेराने किंवा तोळ्याने माल दिला तर चालतं का?

बोलायला हरकत नाही. भाव सांगणं, पावती, जाहिरात, पाकीट हे सगळं मेट्रिकमध्येच हवं. वैधमापन अधिनियम २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा, साध्या वजनांची दोन वर्षांतून एकदा. शिक्का दिसत नसेल तर विचारा. सोन्याच्या पावतीवर ग्रॅमच लिहून घ्या.

घरातली जुनी पायली, मापटी, शेराची वजनं भंगारात द्यावीत का?

कृपा करून देऊ नका. निदान मोजून झाल्याशिवाय तरी नाही.

मापात काठोकाठ पाणी भरा आणि औषधाच्या किंवा दुधाच्या मापाने ते मोजून किती मिलिलिटर भरलं ते लिहा. लाकडी किंवा तडा गेलेली पायली असेल तर पाण्याऐवजी मोहरी भरा. नंतर त्यातच सपाट आणि शिगेने, दोन्ही तऱ्हेने ज्वारी भरून वजन करा. लोखंडी वजन असेल तर ते ग्रॅममध्ये तोला. त्यासोबत गावाचं नाव, कुणाच्या घरातलं, साधारण कोणत्या पिढीपासूनचं आणि त्या गावात मण किती पायल्यांचा हे म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहून मापातच ठेवा. पितळी असेल तर चिंच लावून घासू नका. काठाखाली किंवा बुडाला सरकारी शिक्का, वर्ष किंवा अंक ठोकलेले असतात, आणि चकचकीत करण्याच्या नादात सगळ्यात आधी तेच जातात.